झोजो : पैसे भरणं थांबवलं तरी चालणारं लायसन्स (पण मोबाईलवाल्यांनो जरा थांबा)

झोजोबद्दल (डेस्कटॉप, वेब आणि मोबाईलची अ‍ॅप्स बनवायची प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिचं टूल) लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, पण भाषा कशी आहे वगैरे नंतर कधीतरी, आज फक्त पैशाचं बोलू, कारण सबस्क्रिप्शन म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठ्या येतात आणि त्या उगाच येत नाहीत.

तर प्रकार असा की आयडीई (म्हणजे ज्यात कोड लिहायचा ते सॉफ्टवेअर) डाउनलोड करायला, कोड लिहायला, रन करून टेस्ट करायला एक रुपया लागत नाही. स्वतंत्र अ‍ॅप बिल्ड करून क्लायंटला द्यायचं म्हटलं की मग लायसन्स घ्यायचं, ते एक वर्षाचं असतं, आणि त्या वर्षात जेवढी व्हर्जन्स येतील तेवढी तुमची. वर्ष संपलं, रिन्यू नाही केलं, तरी शेवटचं मिळालेलं व्हर्जन चालूच राहतं आणि बिल्डही करतं. माझी सबस्क्रिप्शनकडून मुख्य अपेक्षा हीच आहे बघा, मी पैसे भरणं थांबवलं तर नवीन काही देऊ नका, पण ज्याचे भरलेत त्याला कुलूप लावू नका. एका दुसऱ्या टूलमध्ये (नाव नको) माझं कार्ड एक्सपायर झालं आणि जुना प्रोजेक्ट उघडेचना, क्लायंट फोनवर आणि मी ओटीपीची वाट बघतोय, तेव्हापासून मी फीचर्सच्या आधी ही अट वाचतो.

दुसरी अपेक्षा म्हणजे मधेच नियम बदलू नका. युनिटीने (गेम्स बनवायचं इंजिन) 12 सप्टेंबर 2023 ला गेमच्या इन्स्टॉलमागे फी जाहीर केली तेव्हा लोक नुसत्या रकमेवर भडकले नव्हते, आधीच बाजारात असलेल्या गेम्सनाही ती लागणार होती हा खरा राग होता. वर्षभराने, 12 सप्टेंबर 2024 ला, ती रद्द केली आणि सोबत प्रो सीटचा (म्हणजे एका डेव्हलपरच्या प्रो लायसन्सचा) दर 8 टक्क्यांनी वाढवून वर्षाला 2,200 डॉलर केला, आणि या दरवाढीवर पहिल्यासारखा गदारोळ काही झाला नाही. सरळ दरवाढ माणूस पचवतो हो, हिशोब करता आला म्हणजे झालं.

आता म्हणाल अ‍ॅप्स बनवायला फ्लटर फुकट, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह फुकट, मग खिशात हात कशाला घालायचा? बरोबरच आहे. पण झामरिन (तसंच अ‍ॅप्स बनवायचं टूल) आठवा, आधी वर्षाला शेकड्याने डॉलर मोजायचे लोक, 2016 ला मायक्रोसॉफ्टने कंपनी घेतली, फुकट केलं, सगळे खूश, आणि 1 मे 2024 ला सपोर्ट बंद, चला आता मावीवर (मायक्रोसॉफ्टचंच त्याच्या जागी आलेलं टूल) पोर्ट करत बसा. फुकट असूनही ते वाचलं नाही. झोजोची कंपनी लहान आहे आणि लायसन्स विकूनच चालते, म्हणजे रिन्यूअल हवं असेल तर त्यांना काम दाखवावंच लागतं.

आता खोट. ‘कायम चालेल’ हे डेस्कटॉपला बऱ्याच अंशी खरं, दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर पाच वर्षं जुन्या व्हर्जनवर आरामात चालतं. मोबाईलला मात्र ते अर्धंच खरं. गुगल प्ले दरवर्षी टार्गेट एपीआयची (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कुठल्या व्हर्जनसाठी बनवलंय त्याची) अट वर सरकवतं (31 ऑगस्ट 2025 पासून नवीन अ‍ॅप्स आणि अपडेट्सना अँड्रॉइड 15), अ‍ॅपल नवीन एक्सकोड (आयफोन अ‍ॅप्स बिल्ड करायचं त्यांचं टूल) मागतं, मग जुनं व्हर्जन चालू असून अपडेट स्टोअरवर चढेलच याची खात्री नाही. म्हणजे फक्त मोबाईल अ‍ॅप्स करणाऱ्याने हा दरवर्षीचाच खर्च धरावा. त्यात अँड्रॉइड सपोर्ट आला 2023 मध्ये, आयओएसला येऊन तेव्हा नऊ वर्षं होत आली होती, त्यामुळे फ्लटरसारखा लायब्ररींचा ढीग इथे मिळणार नाही. झोजो येतं म्हणून पुण्यात नोकरी मिळेल असंही समजू नका.

किंमत डॉलरमध्ये, आणि कुठल्या प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करायचं त्यावर लायसन्सचे प्रकार बदलतात, सगळंच हवं असेल तर फ्रीलान्सरला जड जातं. एवढं मात्र करा, पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका, वर्ष खरेदीपासून मोजतात, त्यामुळे फुकटात सगळं लिहून टेस्ट करून घ्या आणि डिलिव्हरी जवळ आली, अ‍ॅडव्हान्स खात्यात पडला, की मगच कार्ड काढा.