रशियाचा इतिहास पडद्यावर: आधी 'इवान द टेरिबल' बघू की 'आंद्रेई रुब्ल्योव'?

जुन्या रशियावरचा पिक्चर बघायचाय म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या इवानचे दोन भाग मिळून साधारण तीन तास, दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा रुब्ल्योवही तीन तासांच्या वरच, म्हणजे वेळेच्या हिशोबाने फारसा फरक नाही. मी आधीच सांगून टाकते, एकच बघणार असाल तर रुब्ल्योव. पण तुम्हाला दरबार, सत्ता, कारस्थानं असलं आवडत असेल आणि संथ पिक्चरची अजिबात सवय नसेल तर इवानपासून सुरू करा, आणि मग दोन्ही भाग बघाच, पहिल्यावर थांबू नका.

इवान सुरू होतो १५४७ च्या राज्याभिषेकाने. कोवळ्या झारच्या डोक्यावर सोन्याची नाणी ओततात, ती खळखळत खाली पडत राहतात, आणि भोवती उभे असलेले बोयार, म्हणजे बडी सरदार मंडळी, त्यांच्या नजरा बघूनच कळतं की ह्या माणसाला सुखाने राज्य करू देणार नाहीत. इवान झालेला निकोलाय चेरकासोव्ह मान अशी ताणतो, डोळे असे फिरवतो की पहिली दहा मिनिटं हे फार नाटकी वाटतं, अनेकजण तिथेच बंद करतात. नका करू. आयझेनस्टाइनने फ्रेम आधी कागदावर काढून मग शूट केल्यात, भिंतीवरची सावलीसुद्धा उगाच पडलेली नाही, आणि वर प्रोकोफिएवचं संगीत.

ह्या पिक्चरची खरी गंमत मात्र त्याच्या नशिबात आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे मॉस्कोचे स्टुडिओ कझाकस्तानातल्या अल्मा-अताला हलवले होते, तिथे हा बनला. पहिल्या भागाला स्टालिन पारितोषिक मिळालं, दुसऱ्या भागावर १९४६ मध्ये बंदी आली, कारण त्यात इवान एकटा पडलाय, संशयाने पोखरलाय आणि त्याची खास फौज, ओप्रिच्निक, सरळ मारेकऱ्यांसारखी दिसते. १९४७ च्या फेब्रुवारीत स्टालिनने आयझेनस्टाइन आणि चेरकासोव्ह दोघांना क्रेमलिनमध्ये बोलावून सुनावलं की तुमचा झार हॅम्लेटसारखा डळमळीत आहे. वर्षभरात आयझेनस्टाइन गेला, दुसरा भाग लोकांसमोर आला १९५८ ला, तोवर स्टालिनही गेलेला. म्हणून म्हणते, सोळाव्या शतकापेक्षा १९४० च्या दशकातल्या रशियाबद्दल हा पिक्चर जास्त सांगतो. दुसऱ्या भागात ब्लॅक अँड व्हाइट चालू असताना मध्येच मेजवानीचा रंगीत सीन येतो, लाल-काळा-सोनेरी, आणि त्यात इवानच्या बावळट चुलतभावाला थट्टा करत झारचे कपडे चढवतात. पुढचं सांगत नाही.

रुब्ल्योव अगदी उलट. पंधराव्या शतकातला मठातला चित्रकार, त्याच्या आयुष्याबद्दल नोंदी अगदी थोड्या, आणि तारकोव्हस्की त्याला चित्र काढतानाही जवळजवळ दाखवतच नाही! तो दाखवतो चिखल, पाऊस, उपासमार, आपापसात भांडणारे राजपुत्र, तातारांना बरोबर घेऊन व्लादिमीर शहर लुटणारा राजाचाच भाऊ. हे सगळं बघून रुब्ल्योव बोलणंच सोडतो, ब्रश खाली ठेवतो.

आणि मग घंटेचा भाग, ज्याच्यासाठी मी हा पिक्चर कुणालाही बघायला सांगेन. साथीत घंटा ओतणारे सगळे कारागीर मेलेत, राजाची माणसं शोधत येतात, आणि बोरिस्का नावाचं पोरगं म्हणतं, बापाने मरताना मला गुपित सांगितलंय. झालं, मोठमोठे लोक त्याच्या हाताखाली. हवी तशी माती काही केल्या सापडत नाही, मग भर पावसात तो उतारावरून घसरतो आणि तीच माती हाताला लागते, तिथे तो जो ओरडतो ना! मग खड्डा, साचा, भट्टी, वितळलेला धातू, आणि शेवटी अख्खं गाव, राजा, परदेशी राजदूत सगळे उभे आणि लोलक नुसता हेलकावे घेतोय, अजून आदळत नाही. चुकलं तर पोराचं डोकं उडणार. लांबून बघणारा रुब्ल्योव त्यानंतर काय करतो आणि पडद्यावर रंग कधी येतो, ते स्वतःच बघा.

एक मात्र सांगायलाच हवं, लुटीच्या भागात घोड्याचा एक सीन आहे, तो खरोखर केलेला आहे, ज्यांना प्राण्यांचे हाल बघवत नाहीत त्यांनी तिथे पुढे ढकला. इवानमध्ये असं काही नाही.

इवानसारखा रुब्ल्योवही अडकलाच होता म्हणा, १९६६ ला तयार, कान महोत्सवात १९६९ ला दाखवला आणि सोव्हिएत प्रेक्षकांना मिळाला १९७१ ला. एका बैठकीत जमत नसेल तर पहिला भाग संपतो तिथे थांबा, दुसरा भाग लुटीपासून सुरू होतो, तो दुसऱ्या दिवशी. कॉपी दोन मिळतात, २०५ मिनिटांची आणि १८३ मिनिटांची, तारकोव्हस्कीला स्वतःला छोटीच पसंत होती, तीच लावा.