दर्याई शेवाळाची पाच किलोची गोणी: धुण्याची तयारी असेल तरच घ्यावी

बडोद्यातल्या वाघोडिया रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून गेल्या दिवाळीनंतर मी सुकवलेल्या समुद्री शेवाळाची पाच किलोची गोणी ४८० रुपयांना विकत घेतली. गोणीवर मोठ्या अक्षरांत ‘दरियाई शेवाळ’, त्याखाली ‘भरपूर पोटॅश’ आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘धोवानी जरूर नथी’ (धुण्याची गरज नाही) असे गुजरातीत छापलेले होते. यांपैकी पहिले विधान खरे आहे, दुसरे अर्धे खरे आहे आणि तिसऱ्यावर विश्वास ठेवला असता तर माझ्या कुंड्यांचे नुकसान झाले असते.

आमच्या अगासीवर (बडोद्यात जन्म गेल्यावर ‘गच्ची’ हा शब्द तोंडात येत नाही) शंभर लिटरचे, बाजूंना भोके पाडलेले दोन प्लास्टिकचे पिंप आहेत आणि त्यांत स्वयंपाकघरातला ओला कचरा, कडुनिंबाचा व देशी बदामाचा पालापाचोळा आणि थोडे शेण घालून गेली सहा वर्षे मी घरचे खत करीत आलो आहे. हिवाळ्यात हे पिंप थंड पडतात आणि बदामाची जाड, चिवट पाने तीन-तीन महिने जशीच्या तशी राहतात. शेवाळ घालून पाहावे असे वाटण्याचे कारण एवढेच होते. झाडांना ताठ ठेवणारे लिग्निन शेवाळात जवळजवळ नसतेच, त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन नायट्रोजनच्या किती पट आहे तो आकडा; तो कमी असला की कुजणे सोपे) साधारणपणे २०च्या आगेमागे असते आणि त्यामुळे ते स्वतः लवकर कुजते व शेजारच्या पाल्यालाही कुजवते.

दुकानदाराने मात्र गोणी विकताना भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचा दाखला दिला, आणि तेथे मला पहिली हरकत नोंदवावीशी वाटते. त्या संस्थेचे गाजलेले काम कप्पाफायकस या शेवाळाच्या रसावर आहे; तो रस गाळून, पाण्यात थोड्या प्रमाणात मिसळून पिकांवर फवारतात. असे अर्क २०२१ साली केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजक (पिकाच्या वाढीला चालना देणारे पदार्थ) म्हणून समाविष्ट झाले. किनाऱ्यावर वाहून आलेले शेवाळ गोळा करून, उन्हात वाळवून गोणीत भरणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट असून, एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

गोणीत शेवाळाची जात लिहिलेली नव्हती. आत हवेचे बारीक फुगे असलेले तपकिरी सरगॅसम बहुतांशी आणि कागदासारखे पातळ हिरवे उल्वा थोडेसे असावे असे दिसले. उगमस्थान म्हणून ‘सौराष्ट्र किनारा’ एवढाच मोघम उल्लेख होता. बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा आहे, पण तेथले पाणी भरती-ओहोटीच्या रेट्याने सदैव गढूळ असते आणि शेवाळाला लागणारा उजेड तळापर्यंत पोचत नाही. तेव्हा माल ओखा, वेरावळ अशा बाजूंनी येणार हे ओघानेच आले. तरीही नेमका किनारा छापायला हवा होता, कारण कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान संरक्षित असून तेथून शेवाळ उपसून आणलेले नाही याची खात्री ग्राहकाला मिळायला हवी. शिवाय तपकिरी शेवाळे पाण्यातले आर्सेनिक शोषून घेतात, म्हणून भाजीपाल्यासाठी विकल्या जाणाऱ्या मालासोबत तपासणीचा अहवाल असणे ही काही अवाजवी अपेक्षा नव्हे. मागितला तेव्हा तो मिळाला नाही.

गोणी परातीत ओतून निवडली, तेव्हा सहाशे ग्रॅमच्या आसपास वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि मासेमारीच्या जाळ्याचे निळे नायलॉनचे धागे निघाले. शिंपल्यांतला चुना कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत उपयोगी पडला असता; आमच्याकडच्या काळ्या मातीत चुना आधीच पुष्कळ असतो, तेव्हा त्याचे पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

आता धुण्याविषयी, कारण या मालाचे खरे मर्म तेथेच आहे. पिण्याच्या पाण्यातले क्षार मोजण्याचे साधे टीडीएस पेन माझ्याकडे आहे. शंभर ग्रॅम शेवाळ दोन लिटर नळाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून, ते पाणी गाळून मोजले, तेव्हा पेनाने ९,९९० पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) या आपल्या शेवटच्या आकड्याशी हात टेकले. दुसऱ्या पाण्याला ३,४००, तिसऱ्याला १,१०० आणि चौथ्याला ५२० अशी नोंद झाली. नळाचे पाणी मुळात २४० होते. मोकळ्या शेतात पावसाळ्यात हे मीठ वाहून जाईलही, पण कुंडीत ते साचत राहते आणि वैशाखात वरचे पाणी उडून गेले की मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी खपली धरते. काळ्या चिकणमातीत सोडियम वाढला तर तिचे कण सुटे होऊन माती ओली असताना लगदा आणि वाळल्यावर दगड होते. घेवड्यासारख्या मिठाला नाजूक पिकाची तर गोष्टच बोलायला नको. अशा मालावर ‘धुण्याची गरज नाही’ असे छापणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

दुकानदाराच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. शेवाळातले पोटॅश पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे मीठ धुताना तेही मोठ्या प्रमाणात वाहून जाते, आणि पेनाला सोडियम व पोटॅशियम यांतला फरक कळत नाही. म्हणजे न धुता वापरले तर मीठ येते आणि धुवून वापरले तर गोणीवरच्या ‘भरपूर पोटॅश’चा बराचसा भाग मोरीत जातो. मी अर्ध्या अर्ध्या तासाची तीन पाणी पुरेशी मानली, रात्रभर भिजत घालणे टाळले आणि तिसरे पाणी अंगणातल्या नारळाला दिले, कारण तो थोडेफार मीठ सहन करतो. स्फुरद (फॉस्फरस) तर शेवाळात मुळातच कमी असते. त्याची भरपाई दुसरीकडून करावी लागते.

दोन्ही पिंपांत सारखाच पाला, सारखाच ओला कचरा आणि सारखेच शेण भरून, एकात निवडून धुतलेले शेवाळ घातले आणि दुसऱ्यात घातले नाही. शेवाळाचे प्रमाण घनफळाने साधारण सहाव्या हिश्श्याइतके ठेवले. चौथ्या दिवशी शेवाळाच्या पिंपात मध्यभागी ५७ अंश सेल्सियस तापमान भरले, तर दुसऱ्यात ते ४६च्या वर गेले नाही. पहिल्या पिंपातले खत आठ आठवड्यांत चाळण्याजोगे झाले. दुसऱ्याला अकरा लागले आणि तरीही त्यात बदामाच्या शिरा शिल्लक होत्या. एका हिवाळ्यातल्या दोन पिंपांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मी जाणतो, परंतु सहा वर्षांत या पिंपांपैकी एकही डिसेंबरात इतके तापलेले मी पाहिले नव्हते.

मध्ये एक फजिती झाली. शेवाळ ओले झाले की फुगते, बुळबुळीत होते आणि एकमेकांना चिकटून त्याची चटई बनते. मी पहिल्या वेळी ते एकाच जाड थरात घातले होते. आत हवा पोचेना, शेवाळातल्या गंधकामुळे सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि ज्या घरात कधी मासळी शिजली नाही तेथे आईने सलग दोन दिवस ‘हे काय आणून ठेवलेस?’ असे विचारले. सगळे उपसून, कात्रीने बोटभर तुकडे करून, कोरड्या पाल्यात विखरून घातल्यावर दोन दिवसांत वास गेला. गोणीवर कृतीच्या चार ओळी छापल्या असत्या तर हे टळले असते.

तयार खत काळेभोर, हलके आणि ओलावा धरून ठेवणारे झाले. शेवाळातल्या अल्जिनेट या पाणी धरणाऱ्या चिकट द्रव्याचा तो गुण असावा. तीन भाग माती आणि एक भाग खत अशा मिश्रणातल्या वांग्यांना मार्चमध्ये एक दिवसाआड पाणी पुरले, तर शेजारच्या जुन्या खताच्या कुंड्यांना ते रोज द्यावे लागले. फळांच्या संख्येत मला फरक जाणवला नाही.

किमतीचा हिशेब केला तर कचरा वगळून हाती आलेले शेवाळ किलोला १०९ रुपयांना पडले. खत म्हणून हा भाव अवाच्या सवा आहे. तेवढ्या पैशांत शेणखताची मोठी गोणी येते. पण थंडीत पिंप तापवणारे विरजण म्हणून पाहिले तर एक गोणी एका पिंपाला पुरून उरते आणि वर्षातून एकदा एवढा खर्च मी करीन. ज्यांच्याकडे धुण्यासाठी पाणी आणि अर्धा दिवस नाही, किंवा ज्यांना पोटॅशसाठीच घ्यायचे आहे, त्यांनी या गोणीच्या वाटेला जाऊ नये. उरलेले दीड किलो मी न धुता पत्र्याच्या डब्यात कोरडे ठेवले आहे, आणि पुढची गोणी तपासणीचा अहवाल दाखवणाऱ्या दुकानातूनच घेणार आहे.