रेस्टिक, आठ महिन्यांनंतर

रेस्टिक हे बॅकअप घेण्याचं साधन मी हौसेनं नाही, हात पोळल्यावर बसवलं. बैल गेला नि झोपा केला. ते पोळणं आधी सांगतो, कारण पुढचं कौतुक आणि पुढच्या तक्रारी दोन्ही तिथूनच निघतात.

प्रोग्रामिंग हा माझा छंद, पोटापाण्याचं काम वेगळं. रात्री बसून लहानसहान गोष्टी लिहायच्या: शब्दयादीतल्या चुका शोधणारं साधन, फोटोंना तारखेवरून नावं देणारी स्क्रिप्ट, हिशेबासाठी एसक्यूलाइटचा (एकाच फाइलीत मावणारा) डेटाबेस. सगळं दोन टीबीच्या एका फिरत्या डिस्कवर. बॅकअप म्हणजे आठवण झाली की आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं दुसऱ्या डिस्कवर कॉपी. शेवटची आठवण कधी झाली होती ते डिस्क गेल्यावर कळलं: सात महिन्यांपूर्वी.

डिस्क एका क्षणात गेली नाही. फोल्डर उघडायला वेळ लागायला लागला, मग एक फोटो अर्धाच दिसला, खालचा भाग करडा. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचा, अहवाल काढला तर 197 क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे वाचता न आलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) खात्यात, 48. दोन दिवसांनी 312. त्या दोन दिवसांत मी जे करू नये तेच केलं, एफएससीके हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, दुरुस्त करायला गेलो. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि ज्या डिस्कला धड वाचता येत नाही तिच्यावर लिहायला लावणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. असं काही दिसलं की डिस्क माउंटसुद्धा करू नका, म्हणजे वापरासाठी जोडूसुद्धा नका. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं दुसऱ्या डिस्कवर तिची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढा आणि जे काय प्रयोग करायचे ते त्या इमेजच्या कॉपीवर करा.

डीडीरेस्क्यूची चाल मला फार पटली. अडलं की ते तिथं डोकं आपटत बसत नाही, उडी मारून पुढचा चांगला भाग आधी काढून घेतं. सोप्पं सगळं हाती लागलं की मग अवघड जागांच्या कडा कुरतडायला परत येतं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याचा हिशेब मॅपफाइलमध्ये असतो, त्यामुळे मध्येच थांबवून डिस्क गार होऊ दिली तरी काम वाया जात नाही. पहिली फेरी एका रात्रीत झाली. उरलेल्या थोडक्यासाठी तीन दिवस गेले. शेवटी पडद्यावर 99.98 टक्के.

आकडा ऐकायला छान. पण दोन टीबीचे 0.02 टक्के म्हणजे 400 एमबी, आणि भोकं कुठं पडावीत हे आपल्या हातात नसतं. त्यातलं एक माझ्या सर्वांत जुन्या गिट रेपोच्या (कोडचा बदलांसकट इतिहास ठेवणाऱ्या कोठाराच्या) पॅक फाइलमध्ये पडलं. पॅकमध्ये पुष्कळशा वस्तू दुसऱ्या वस्तूपासूनच्या फरकाच्या रूपात ठेवलेल्या असतात. पाया गेला की त्यावरचे मजलेही गेले. सहा वर्षांच्या इतिहासातली मधली दोन वर्षं उघडतच नाहीत. ज्या फोल्डरांची नोंदच पुसली गेली होती त्यांतले फोटो फोटोरेक या प्रोग्रामनं काढून दिले, पण ते फाइलची नावं बघत नाही, आतल्या खुणा ओळखून फाइल उचलतं. परिणामी नुसते आकडे असलेल्या अकरा हजार फाइली. फोटोंमध्ये तारीख आत लिहिलेली असते हे नशीब. नावं देणारी माझी स्क्रिप्ट मात्र त्याच ढिगाऱ्यात होती, नुसता क्रमांक असलेल्या एका टेक्स्ट फाइलमध्ये, आणि ती शोधण्यात एक अख्खा रविवार गेला.

आता रेस्टिक. गो भाषेत लिहिलेला एकच प्रोग्राम. उतरवला, चालवला, संपलं. बॅकअप जिथं साठतो त्या कोठारालाही इथं रेपो म्हणतात. माझे दोन रेपो आहेत, एक टेबलावरच्या बाहेरच्या डिस्कवर, दुसरा वेगळ्या इमारतीतल्या मशीनवर. आत जाणारं सगळं एन्क्रिप्ट होतं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येत नाही, आणि ते बंद करायची सोयच नाही. हे मला आवडतं, कारण दुसरीकडे ठेवलेल्या हिशेबाची काळजी उरत नाही. पण पासवर्ड हरवला तर कुणीही मदत करू शकत नाही. मी तो कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवलाय, आणि दुसरा पासवर्ड 'की ॲड' या कमांडनं जोडून घरच्यांकडे दिलाय.

याचं खरं कौशल्य तुकडे करण्यात आहे. फाइल ठरावीक मापानं न कापता आतला मजकूर बघून कापतात, आणि एकदा साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाहीत. तुकडा सरासरी एक एमबीचा, कमीत कमी अर्धा, जास्तीत जास्त आठ. त्यामुळे मोठ्या फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरं घातली तरी पुढचे तुकडे तेच राहतात. दुसऱ्या महिन्यात मी 60 जीबीच्या फोटोंची सगळी मांडणी बदलली, वर्षावार होते ते प्रसंगावार केले. त्या रात्री बॅकअपला वेळ भरपूर लागला, कारण जागा बदललेली प्रत्येक फाइल त्यानं पुन्हा वाचली. पण रेपो वाढला जेमतेम काही एमबीनं. आरसिंकनं तेच 60 जीबी पुन्हा ओढले असते. कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, 2022 साली आलेल्या 0.14 आवृत्तीपासून आहे. फोटोंवर त्याचा उपयोग शून्य, कोड आणि लॉगवर चांगलाच.

तक्रारी आहेत. लॅपटॉपचं झाकण मध्येच मिटलं की रेपोत कुलूप राहून जातं आणि नंतर प्रून, म्हणजे नको झालेले तुकडे पुसणं, करायला गेलं की रेपो आधीच लॉक आहे म्हणून नकार मिळतो. 'अनलॉक' दिलं की सुटतं, पण पहिल्यांदा घाम फुटला. दूरच्या रेपोवर प्रून संथ चालतं. आणि एक्झिट कोड 3, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा. त्याचा अर्थ स्नॅपशॉट (त्या वेळचा बॅकअप) झाला, पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. माझी पहिली स्क्रिप्ट कोडकडे बघतच नव्हती, म्हणून परवानगीच्या घोळामुळे एक फोल्डर पाच आठवडे गाळलं जात होतं. (एसक्यूलाइटची चालू फाइल तशीच उचलू नका. आधी त्याच्याच बॅकअप कमांडनं वेगळी प्रत काढा, नाहीतर अर्धवट लिहिलेली अवस्था मिळू शकते.)

दूरच्या मशीनवर मी सुरुवातीला एसएफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीनं जात होतो. एका रात्री लक्षात आलं की लॅपटॉपला तिथलं सगळं पुसायचाही अधिकार आहे. लॅपटॉप कुणाच्या ताब्यात गेला तर दोन्ही बॅकअप त्याच्याबरोबर जातील. आता तिथं रेस्ट-सर्व्हर, रेस्टिकचा रेपो सांभाळणारा प्रोग्राम, 'अपेंड-ओन्ली' पद्धतीनं चालतो, नवं घालता येतं, जुनं काढता येत नाही. जुने स्नॅपशॉट काढायला त्या मशीनवर स्वतः जावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण चालेल.

हे सगळं मात्र किरकोळ. आठ महिन्यांतला सर्वांत मोठा धोका माझाच होता आणि तो सापडला निव्वळ रंगीत तालमीमुळे. महिन्यातून एकदा मी जुना मॅक काढतो, कागदावरचा पासवर्ड घेतो आणि कुठलंही एक प्रोजेक्ट दूरच्या रेपोतून रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करतो. नुसतं रिस्टोअर नाही, चालवूनही बघतो. चौथ्या महिन्यात शब्दयादीच्या साधनाची पाळी आली. फाइली आल्या, 'चेक'नं रेपो ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि प्रोग्राम पहिल्याच ओळीला पडला: टूल्समधलं बिल्ड फोल्डर नाही.

लॅपटॉपवर बघितलं तर आहे. मागच्या स्नॅपशॉटात नाही. पहिल्यात नाही. कुठल्याच नाही. त्या फोल्डरमध्ये शब्दयादी घडवणाऱ्या हातानं लिहिलेल्या सतरा स्क्रिप्ट होत्या, दीड वर्षाचं काम. आणि माझ्या वगळायच्या यादीत, इकडून तिकडून जमवलेल्या 31 ओळींत, एक ओळ होती नुसती 'बिल्ड'. सुरुवातीला तिरकी रेघ नसली की रेस्टिक ते नाव झाडात कुठंही दिसलं तरी वगळतं. गिटमध्ये तरी असेल म्हणून गेलो, तर गिटइग्नोरमध्येही, म्हणजे गिटनं काय सोडायचं त्या यादीतही, तीच ओळ. दोन्ही याद्या एकाच सवयीतून आलेल्या. जे एकानं सोडलं ते दुसऱ्यानंही सोडलं. डिस्क पुन्हा गेली असती तर दोन रेपो, एन्क्रिप्शन, तुकडे, सगळं असूनही त्या स्क्रिप्ट गेल्याच असत्या. आणि रेस्टिकनं अक्षरशः मी सांगितलं तेच केलं होतं.

तेव्हापासून लॅपटॉपवरच्या फाइलींची यादी आणि मॅकवर रिस्टोअर झालेल्यांची यादी काढून डिफ, म्हणजे दोहोंतला फरक दाखवणारी कमांड, लावतो. पहिल्याच डिफनं गंमत केली. 'वाऱ्या' नावाची फाइल एकीकडे नाही म्हणे आणि दुसरीकडे जास्तीची म्हणे. डोळ्यांना दोन्ही नावं तंतोतंत सारखी. मॅकवर जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम आहे आणि ती नावं सुटी करून ठेवते, त्यामुळे 'ऱ' हे एक अक्षर 'र' आणि नुक्ता असं दोन चिन्हांचं झालं होतं. आता यादीतली नावं आधी एकाच रूपात आणतो, मग तुलना करतो. शब्दयादीच्या साधनात हाच दोष वर्षभर मला छळत होता, तोही त्या दिवशी सुटला.

वगळायची यादी 31 वरून नऊ ओळींवर आली. प्रत्येक ओळीत पूर्ण मार्ग, आणि वर ती का लिहिली त्याचं कारण. नोड मॉड्यूल्स (पुन्हा उतरवता येणारा इतरांचा कोड) यादीत, ब्राउझरचा कॅशे यादीत. दहावी ओळ डाउनलोड्स फोल्डरची होती. ते वगळायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, त्यामुळे तूर्त ती ओळ कॉमेंट करून, म्हणजे लिहिलेली पण निष्क्रिय, ठेवलीय आणि तिथला चौदा जीबींचा उकिरडा अगदी सुरक्षित आहे, दोन ठिकाणी.