सरकारी आयटीआय, फिटर ट्रेड : करावं का? माझा अनुभव
⭐⭐⭐⭐ (5 पैकी 4)

दहावीनंतर तालुक्याच्या सरकारी आयटीआयमधनं दोन वर्षांचा फिटर (मशीनचे भाग बसवायचं, दुरुस्त करायचं काम) केला, आता चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. गावाकडची पोरं सारखी विचारतात आयटीआय करून नोकरी लागते का, म्हणून सविस्तर लिहितोय.

वर्कशॉपचं शिकवणं एक नंबर. सुरुवातीला नुसती कानस चालवायची, लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायचा, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा आणि फटीतनं जरा जरी उजेड दिसला की सर म्हणायचे परत घास. हाताला फोड यायचे, पोरं वैतागायची. पण इंटरव्ह्यूला साहेबांनी मार्कशीट बाजूला ठेवली, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक शाफ्ट पुढ्यात सरकवला आणि म्हणाले माप सांग. ज्यांना 0.02 मिमीपर्यंत बरोबर वाचता आलं ते आत, बाकीच्यांना नंतर कळवतो म्हणाले, आणि त्यात माझ्यापेक्षा जास्त मार्कवाली पोरं पण होती.

एक स्टार कापला तो मशीनसाठी. लेथ जुने, सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) हात लावायला नंबर लागायचा, आणि कंपनीत गेलं की पहिल्या दिवसापासनं तेच विचारतात. एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचा तास असतो, बायोडाटा, इंटरव्ह्यूत बोलायचं कसं वगैरे, पण आमच्याकडे तो कुणी सिरियसली घेतलाच नाही. तुम्ही बुडवू नका, खरंच उपयोग होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पास झाल्या झाल्या ठेकेदाराकडे पहिली मिळेल ती नोकरी धरू नका, आधी वर्षभराची अप्रेंटिसशिप करा, म्हणजे कंपनीत स्टायपेंडवर शिकाऊ म्हणून काम. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या 2.5 ते 15 टक्के, त्यामुळे जागा असतात, फक्त सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर स्वतः रजिस्टर करून मागे लागावं लागतं. जॉइन व्हायच्या आधी डिपार्टमेंट कुठलं ते विचारून घ्या, काही ठिकाणी वर्षभर पॅकिंगलाच उभं करतात आणि मग शिकलास काय विचारलं की सांगायला काहीच नसतं.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. खोलीचं डिपॉझिट, भाडं, मेस हे सगळं स्टायपेंडमधनं भागत नाही. ज्याचा मामा काका भोसरीला आहे तो टिकतो, आमच्या बॅचची चांगली हातची पोरं नुसत्या खोलीपायी परत गावाला गेली, मुलींना तर नाईट शिफ्ट म्हटलं की घरचे पाठवतच नाहीत. कॉट बेसिसवर (खोलीत नुसती एक कॉट भाड्याने) का होईना पण राहायची सोय आधी बघा, मग जॉइन व्हा.

ॲडमिशन व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या साईटवरनं ऑनलाईन होतं, दहावीच्या निकालानंतर लक्ष ठेवा. सरकारीत फी खूप कमी आहे. खाजगी घेणार असाल तर केंद्र सरकारच्या डीजीटीची (प्रशिक्षण महासंचालनालय, पूर्वी एनसीव्हीटीची म्हणायचे) मान्यता आहे का बघा, आणि एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन मशीनी चालू आहेत का नुसत्या ठेवल्यात ते बघून या.