एमजीबीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल : ऑटोक्रॉसच्या एका अख्ख्या हंगामानंतरचा अनुभव

गाडी १९७८ ची एमजीबी रोडस्टर. गेल्या हिवाळ्यात तिच्या मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगमध्ये क्वैफ कंपनीचं हेलिकल गिअरचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवलं (डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी; लिमिटेड स्लिप प्रकार एक चाक घसरायला लागलं की जास्त जोर दुसऱ्याला देतो) आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत डेट्रॉईटच्या आसपासच्या ऑटोक्रॉसमध्ये गाडी मनसोक्त पळवली. आता बर्फाचे दिवस आले, गाडी गॅरेजमध्ये गेली, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: वस्तू उत्तम आहे, पैसे वसूल आहेत, पण पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारी पोलादी सळई) जाड केल्याशिवाय आणि मागचा काढून टाकल्याशिवाय ती विकत घेऊ नका. मागच्या चाकांच्या पकडीचं निम्मं काम पुढच्या टोकाला होतं. हे मला हंगामभर इतकं स्पष्ट दिसलं की डिफरन्शियलचं कौतुक करतानाही त्या बारबद्दल आधी बोलावं लागणार.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. आपल्या ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे बॉनेट उघडलं की ॲम्बेसेडर पाहिलेल्या माणसाला ओळखीचं वाटतं. मागची रचनाही तीच: दोन्ही चाकांना जोडणारं अखंड हाऊसिंग आणि दोन बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग). १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेच्या बंपरच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे एक इंच उंच केली गेली. उंच झालेली गाडी वळणात फार झुकायला लागली, म्हणून १९७७ च्या मॉडेलपासून पुढे आणि मागे दोन्हीकडे अँटी-रोल बार आले. माझी गाडी त्यातलीच. मूळ सिंगल कार्ब्युरेटर काढून एसयू कंपनीचे जोड कार्ब्युरेटर लावलेले आहेत, पुढून-मागून उंची उतरवलेली आहे आणि चाकं पंधरा इंची, १९५/५० टायरची. त्यामुळे एससीसीए या अमेरिकन मोटरस्पोर्ट संस्थेच्या स्ट्रीट गटातून (जवळपास मूळ स्थितीतल्या गाड्यांचा गट) ती आधीच बाहेर पडली होती. डिफरन्शियल बदलणंही त्या गटात चालत नाही, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ऑटोक्रॉस म्हटलं की भारतात मातीचा ट्रॅक डोळ्यासमोर येतो. इथे विमानतळाच्या किंवा पार्किंगच्या पक्क्या जमिनीवर शंकू मांडतात आणि एका वेळी एकच गाडी घड्याळाशी लढते. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. एक फेरी मिनिटभराचीच, जवळजवळ सगळी दुसऱ्या गिअरमध्ये. वळणं इतकी घट्ट की वेळ सगळा वळणातून बाहेर पडताना मिळतो किंवा जातो, आणि एमजीबी नेमकी तिथेच मार खाते.

होतं काय, तर उजवीकडच्या मोठ्या वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की आतलं मागचं चाक हलकं होऊन भन्नाट फिरायला लागतं. टॅकोमीटरचा काटा उडी मारतो, टायरची बारीक किंकाळी ऐकू येते, रबराचा वास येतो आणि गाडी जागच्या जागी रेंगाळते. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. आतलं चाक जेवढं पेलेल तेवढंच बाहेरच्याला मिळतं. बाहेरच्या चाकावर गाडीचं वजन आलेलं असतं, ते वाटेल तेवढा रेटा घ्यायला तयार असतं, पण त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नाही. बायकोने बाहेरून काढलेल्या एका व्हिडिओत आतलं चाक आणि काँक्रीट यांच्यामधून चक्क पलीकडचा नारिंगी शंकू दिसत होता.

उजवं वळण डाव्यापेक्षा वाईट का, हेही समजून घेण्यासारखं आहे. अखंड हाऊसिंगच्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) पीळ थेट हाऊसिंगवर येतो. तो डावं चाक दाबतो आणि उजवं उचलतो. माझ्या गाडीत दुसऱ्या गिअरला हा फरक वीसेक किलोंच्या घरात येतो. उजव्या वळणात आतलं चाक उजवंच, म्हणजे आधीच हलकं झालेलं चाक आणखी हलकं.

आता कागदावर हिशेब मांडू. ढोबळच आहे, वेग घेताना मागे येणारं वजन यात धरलेलं नाही, पण चित्र स्पष्ट होतं. माझ्यासकट गाडी अकराशे किलोंच्या थोडी वर, म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण २८० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरला आणि चाकांमधलं अंतर सव्वा मीटर, तर ०.९ जीच्या (आडवी ओढ गाडीच्या वजनाच्या ०.९ पट) वळणात आतून बाहेर सुमारे ४०० किलो सरकतात. हे ४०० पुढच्या आणि मागच्या जोडीत कसे वाटले जाणार, ते त्या त्या टोकाच्या ताठपणावर ठरतं. निम्मे-निम्मे वाटले तर मागच्या आतल्या चाकावर उरतात ८० किलो. साध्या डिफरन्शियलने दोन्ही चाकं मिळून फार तर १६० किलोंचा रेटा जमिनीला देणार. दुसऱ्या गिअरमध्ये माझं इंजिन चाकाशी देऊ शकतं साडेतीनशेच्या आसपास. उरलेलं सगळं धुरात.

पुढचं टोक ताठ करून वाटणी साठ-चाळीस केली, तर मागच्या आतल्या चाकावर ८० ऐवजी १२० किलो राहतात आणि तेच जुनं डिफरन्शियल २४० किलोंचा रेटा द्यायला लागतं. फक्त पुढचा बार बदलून एवढा फरक. यावर हेलिकल डिफरन्शियल आलं, तर ते आतलं चाक जेवढं पेलतं त्याच्या साधारण अडीचपट बाहेरच्याला देऊ शकतं: १२० अधिक ३००, म्हणजे ४२०. इंजिनच्या साडेतीनशेपेक्षा जास्त, म्हणजे चाक फिरायचं कारणच उरत नाही. टायरची काही पकड आडव्या ओढीत खर्च होतेच, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे कमी भरतात, पण प्रमाण हेच. आणि पुढचा बार न बदलता नुसतं डिफरन्शियल घातलं, तर ८० अधिक २००, फक्त २८०. पूर्ण ॲक्सिलरेटरवर चाक पुन्हा फिरणार. चाक हवेतच गेलं तर शून्याच्या अडीचपट शून्य. हेलिकल प्रकाराचा हा स्वभाव आहे, त्यात कुणा कंपनीचा दोष नाही. प्लेटवाल्या डिफरन्शियलमध्ये स्प्रिंगचा आगाऊ दाब असतो म्हणून ते हवेतल्या चाकासकट थोडंफार ओढतं, पण प्लेटा झिजतात, वंगण खास लागतं आणि घट्ट वळणात ते नाक बाहेर ढकलतं. ऑटोक्रॉसला रस्त्यावरून चालवत जाणाऱ्या गाडीसाठी मला हेलिकलच योग्य वाटलं.

म्हणून हिवाळ्यात कामं या क्रमाने केली. मागचा बार काढला, चार बोल्टचं आणि फुकटातलं काम. पुढचा बार पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीचा होता, तिथे सात सूत बसवला. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे दोन सुतांनी तो पावणेचारपटींहून जास्त झाला. किंमत डिफरन्शियलच्या पाव भागापेक्षाही कमी. इथले बरेच जण उलटा सल्ला देतात, मागचं टोक ताठ कर म्हणजे गाडी छान वळेल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकला तो सल्ला अगदी बरोबर आहे. तिचं मागचं आतलं चाक उचललं तरी बिघडत नाही, कारण त्याला ओढायचं नसतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, पाट्यांच्या, कमी ताकदीच्या गाडीत तोच सल्ला घातक आहे.

पाट्यांचाही विचार करावा लागतो. चिकट टायरवर जोरात सुटलं की पाटे एसच्या आकारात पिळले जातात आणि चाकं धडधड उडायला लागतात. त्यासाठी पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला समांतर असे दोन दांडे लावले. ते समांतर बसणं महत्त्वाचं. तिरके बसले की गाडी झुकताना अडकतात आणि काढून टाकलेल्या मागच्या बारचंच काम करायला लागतात, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. पाट्यांच्या डोळ्यांतली रबरी बुशंही बदलली. पॅनहार्ड रॉड (हाऊसिंग आडवं सरकू न देणारा दांडा) लावलेला नाही. नव्या बुशांनंतर हाऊसिंग आडवं सरकताना मला जाणवलं नाही, म्हणून पैसे वाचवले.

डिफरन्शियल बसवणं हे घरी करायचं काम नाही. या गाडीत सॅलिस्बरी पद्धतीचं हाऊसिंग आहे, त्यातून कॅरियर बाहेर काढायला हाऊसिंग किंचित फाकवणारं खास अवजार लागतं. नंतर बेअरिंगच्या शिमा (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या), क्राऊन-पिनियनमधली मोकळीक डायल गेजवर, दातांवर रंग लावून ठसा बघणं, हे सगळं सवयीच्या हाताने व्हायला हवं. मी ते मशीन शॉपमध्ये करून घेतलं आणि शेजारी उभा राहून पाहिलं. जुन्या डिफरन्शियलमधले थ्रस्ट वॉशर कागदासारखे पातळ झाले होते. या गाड्यांत गिअर टाकताना मागून जो ठक्क आवाज येतो तो बहुतेक वेळा याच वॉशरांचा. नव्यानंतर तो पूर्ण गेला. वंगण साधंच, हायपॉइडसाठीचं ८०डब्ल्यू-९०.

आता हंगामाबद्दल. पहिल्या स्पर्धेपासून बाहेर पडतानाची गाडीच वेगळी होती. पूर्वी वळणाच्या मध्यापासून स्टिअरिंग सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटर चोरून धरावा लागायचा. आता वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूवरचा शंकू गेला की पाय खाली, मागचा भाग बसतो आणि गाडी पुढे रेटली जाते. कुठे झटका नाही, आवाज नाही. टॅकोमीटरचा काटा एका चालीने वर जातो, हा बदल मला सगळ्यात जास्त आवडला. कोर्स दर वेळी वेगळा मांडतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या वेळेशी तुलना करण्यात अर्थ नाही. पण आमच्याकडे नियमाने येणाऱ्या एका जुन्या मियाटाशी (माझदाची छोटी रोडस्टर) माझं जे अंतर असायचं ते जवळपास निम्म्यावर आलं आहे, आणि तो चालवणारा काही मंदावलेला नाही. मागच्या उजव्या टायरची झीजही आता डाव्याइतकीच आहे. पूर्वी उजवा आधी संपायचा.

तोटेही सांगायला हवेत. पुढचं टोक ताठ झाल्यामुळे वळणात शिरताना नाक बाहेर जायला बघतं. ब्रेक थोडा उशिरापर्यंत धरून, पुढच्या टायरवर वजन ठेवून शिरलं तर गाडी ऐकते. ब्रेक सोडून मग स्टिअरिंग फिरवलं तर ऐकत नाही. पुढच्या टायरचे खांदे लवकर झिजतात, त्यामुळे पुढे हवा पूर्वीपेक्षा थोडी जास्त ठेवतो. लांबलचक स्लॅलममध्ये (एका रांगेतल्या शंकूंमधून नागमोडी जाताना) मूळची गाडी चटकन डोलायची, ती चपळाई कमी झाली आहे. खरं सांगायचं तर निव्वळ स्लॅलमचा कोर्स असेल तर या बदलांचा फायदा फारसा दिसत नाही.

पावसात मात्र सांभाळून. साध्या डिफरन्शियलने आतलं चाक फिरायचं आणि बाहेरचं गाडीला धरून ठेवायचं, म्हणजे तो एक प्रकारचा आधारच होता. आता ओल्या काँक्रीटवर दोन्ही चाकं एकदम सुटू शकतात आणि शेपूट सरळ बाजूला निघतं. हेलिकल असल्यामुळे ते अचानक होत नाही, स्टिअरिंग उलटं द्यायला वेळ मिळतो. तरी नवख्या माणसाला पहिल्यांदाच ओल्यात बसवू नये.

रस्त्यावरच्या वापरात डिफरन्शियल आहे हे कळतही नाही. पुढचा जाड बार मात्र मिशिगनच्या खड्ड्यांत कळतो. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी मान हलवते. फक्त फिरायला गाडी ठेवलेल्यांनी हजार डॉलरच्या पुढचा हा खर्च करू नये, थ्रस्ट वॉशर बदलून घ्यावेत, तेवढ्याने त्यांचं समाधान होईल. ऑटोक्रॉस करणाऱ्यांनी या वर्षी बार, पुढच्या वर्षी डिफरन्शियल असं केलं तरी चालेल. उलट क्रमाने जाऊ नये.

माझ्याकडे उरलंय ते मागच्या शॉकचं काम. मूळचे आर्मस्ट्राँगचे लिव्हरवाले शॉक नूतनीकरण करून वापरतोय, पण काँक्रीटच्या जोडांवरून ॲक्सिलरेटर दाबून जाताना आतलं चाक अजून क्षणभर सुटतं. चाक खाली येताना शॉक त्याला अडवतोय असा माझा संशय आहे. या हिवाळ्यात टेलिस्कोपिक शॉकचं किट लावून रिबाऊंड (चाक खाली येताना शॉकचा होणारा विरोध) सैल करून बघणार आहे. कुणी पाट्यांच्या एमजीबीवर ते किट ऑटोक्रॉसला वापरलं असेल तर रिबाऊंड किती ठेवलात ते जरूर कळवा.