घरचा हॉट टब, अकरा महिन्यांनंतर: टबपेक्षा जागेबद्दलच जास्त

टब कसा आहे, असं भेटेल तो विचारतो. टब झकास आहे. चौघं आरामात बसतात, कव्हर घट्ट बसतं, पंपाचा आवाज फ्रिजपेक्षा जरासा जास्त. झोप उडवली ती जागेने, म्हणून तिच्याबद्दल लिहितो.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घर वडिलांनी बांधलेलं, मागे थोडं अंगण. माझी पहिली पसंती अर्थातच गच्ची. शब-ए-मालवा म्हणतात ती रात्रीची झुळूक, वर चांदणं, गळ्यापर्यंत कोमट पाणी! इंजिनिअर मित्राने कागदावर हिशोब मांडला. रिकामा टब २८० किलो, पाणी १,०५० लिटर म्हणजे तेवढेच किलो, वर चार माणसं. सोळाशे किलो, आणि सगळं मिळून चार चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला चारशे किलो. वावर असलेल्या गच्चीला इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानक ८७५ प्रमाणे दीडशेच्या आसपास धरतात. "काका खाली झोपतात ना?" एवढंच त्याने विचारलं. गच्चीचा विषय तिथेच संपला.

उरलं अंगण. पूर्वी तिथे न्हाणीघर होतं, बाहेर तांब्याचा बंब. आई म्हणाली, "बंब काढायला लावलात, आता हौद तापवा."

आमच्याकडची माती काळी, हे इथल्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात भेगांमध्ये बोट जातं, पावसात फुगते. त्या मातीवर थेट स्लॅब टाकला तर वर्षभरात टब कलणारच. मिस्त्री म्हणत होता, "भिया, एक फुट बहुत है." मी तीन फूट, मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं. मग खड्ड्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, दुर्मुसाने ठोकून भरला. वर गिट्टीचं कच्चं काँक्रीट आणि त्यावर आठ बाय आठ फुटांचा, सहा इंच जाडीचा सळईचा स्लॅब. तो जमिनीपेक्षा चार इंच उंच ठेवला, पावसाचं पाणी मशीनच्या कप्प्यात शिरू नये म्हणून. लेव्हल पाण्याच्या नळीनेच तपासली. पाऊस संपल्यावर परवा पुन्हा नळी लावली, स्लॅब जागचा हललेला नाही. मात्र मागच्या दारापासून टबापर्यंतची पायवाट कंजुषी करून मातीवरच बसवली होती. ती फुगून टबाच्या बाजूला कलली आणि श्रावणभर तिथे डबकं साचलं. तिथली फरशीही आधी गुळगुळीत कोटा होती. जानेवारीत ओल्या पायांनी मी तिच्यावर एकदा सपाटून आपटलो, मग तिला छिन्नीने टाकी मारून खडबडीत करून घेतली.

वायरिंगमध्ये काटकसर केली नाही. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची लाइन, ३० मिलिअँपियरची गळती झाली तरी पडणारा आरसीबीओ (वीज आपोआप तोडणारा ब्रेकर), वेगळं अर्थिंग आणि टबात बसून हात पोचणार नाही इतक्या लांब बंद करायचा स्विच. पाण्यात बसायचंय, इथे पैसे वाचवू नका.

आता माझी खरी चूक. टबाच्या एका बाजूला पॅनेल असतं, त्यामागे हीटर, पंप, सगळं. अंगण मोकळं दिसावं म्हणून मी टब भिंतीकडे सारला आणि पॅनेलची बाजू नेमकी भिंतीला केली. मध्ये फट नऊ इंचांची. त्यात पहिल्यांदा टब भरला तो बोरिंगच्या पाण्याने, कारण नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि मला धीर नव्हता. मार्चमध्ये स्क्रीनवर एरर आला, पाणी तापेना. मेकॅनिक आला, फटीत हात घालून बघितला आणि म्हणाला, "टब सरकवा, मग फोन करा." टब रिकामा केला, शेजारपाजारचे सात जण बोलावले, खाली पाइपचे तुकडे घालून टब सव्वा फूट पुढे आणला. स्लॅब आठ फुटांचा आणि टब साडेसहाचा, म्हणून निभावलं. पॅनेल उघडलं तर हीटरच्या कॉइलवर जुन्या गिझरसारखा पांढरा थर, बोरिंगच्या पाण्यातल्या क्षारांचा. आता भिंतीपासून दोन फूट मोकळे आहेत आणि टबात फक्त नर्मदेचं पाणी, तेही वरची टाकी दोनदा भरून. ते १४ अंशांनी तापवायला साधारण १७ युनिट लागतात, तीन किलोवॉटच्या हीटरला जवळपास सहा तास.

शेजारचा कडुनिंब अर्धा आमच्या अंगणात येतो. सावलीसाठी तो मला आवडला होता. फाल्गुनात पानं गळाली, ती जाळीने काढता येतात. पण चैत्रातला मोहोर! तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं कव्हर उघडलं की घसरून आत पडायची, फिल्टरच्या घड्यांत जाऊन चिकटायची. रोज संध्याकाळी नळाखाली फिल्टर धरून जुन्या टूथब्रशने घासत बसायचो. आषाढात निंबोळ्या, त्या निदान मोठ्या असतात. दुसऱ्यांदा निवडायची असती तर जागा सहा फूट पलीकडे घेतली असती.

मे महिन्यात टब गार पाण्याचा हौद होईल असं वाटलं होतं. हीटर बंद ठेवूनही पाणी ३६ अंशांच्या खाली येईना, पंपाची उष्णता आणि घट्ट कव्हर. त्या महिन्यात कुणी आत बसलं नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र रोज.

दर तीन महिन्यांनी पाणी बदलतो. आधी दोन-तीन दिवस क्लोरीन टाकत नाही, कव्हर उघडं ठेवतो आणि मग नळी भिंतीकडे सोडतो. न्हाणीच्या पाण्यावर अळू फोफावतं हे आईला माहीत, तिने भिंत आणि स्लॅबमधल्या नऊ इंचांच्या पट्टीत अळू लावलंय आणि ते पसरून पॅनेलला टेकलंय. शनिवारी मेकॅनिक सर्व्हिसला येणार आहे. आई म्हणते, तो तुडवण्याआधी शुक्रवारी वड्या करून घेऊ.