पोराच्या बुटांपायी ४,८४८ रुपये गेले

रीलवर पोरांना बूट दाखवून आयांचे खिसे कापायचा हा धंदा आहे. मुलगा दहावीत. ज्याच्या क्रिकेटच्या रील तो रोज बघतो, त्याच हिरोने बूट घालून उड्या मारल्या आणि "भावांनो, लिंक बायोत" म्हणाला. पैसे घेऊन जाहिरात करत असाल तर तसं सांगणं केंद्र सरकारने सक्तीचं केलंय. इथे अवाक्षर नाही. कमेंटही बंद.

दहा हजारांचे बूट २,४९९ ला, वर लाल आकड्यांत वेळ उलटी पळतेय. पोरगं घायकुतीला आलेलं. "आई, वर्गात सगळ्यांकडे आहेत गं!" पान पुन्हा उघडलं की ते घड्याळ परत दहा मिनिटांवर जातं. एकदा बघाच.

कॅश ऑन डिलिव्हरी 'तात्पुरती बंद'. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. तिथेच थांबायला हवं होतं! पिन टाकण्याआधी ते नाव डोळ्यांसमोर होतं, मी वाचलंसुद्धा. पण आमचा भाजीवाला, इस्त्रीवाला, क्लासचे सर, सगळ्यांचे पैसे माणसाच्याच नावावर जातात. संशय कशाचा घेणार?

मग कुरिअरचे ४९९. मग 'परत मिळणारं डिपॉझिट' १,८५०. हे शेवटचे पोराने परस्पर भरले, आधीचे बुडतील या धास्तीने. पिन त्याला ठाऊक, किराणा तोच आणतो. तुमचा पिन पोरांना माहीत असेल तर आज बदला.

चौकीत साहेब म्हणाले, "पाच हजारही नाहीत, मॅडम." वर, "मुलाला मोबाईल देताच कशाला?" शाळेचा अभ्यास मोबाईलवर येतो, तो काय मी मागवते? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. तक्रारीचं काय झालं विचारलं की बँक सायबरकडे बोट दाखवते, सायबरवाले बँकेकडे. मी नोकरी सोडून यांच्या दारात बसू? पाच लाख गेले असते तर खुर्ची दिली असती. अशी चार-पाच हजारांची किती पोरं असतील, ते कुणी मोजतं का?

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, चौकीत नंतर जा. पैसे कुठल्या ना कुठल्या बँक खात्यात असेपर्यंतच रोखता येतात. स्क्रीनशॉट आधी काढा, माझं चॅट त्यांनी पुसलं. त्या दुकानाच्या पानाचं नाव आता बदललंय. बूट तेच, रील तीच, भाव १,९९९.